माठ, छागल आणि वाटसरू



वार्षिकाच्या मराठी विभागाकरिता विज्ञानविषयक एखादा लेख द्यावा अशी सूचना आली, तेव्हा आम्हांस विषयाची अडचण पडली नाही. पडली ती धैर्याची. गेल्या चैत्रात दहावीची परीक्षा आटोपलेल्या पाच विद्यार्थ्यांसह आम्ही धुळ्याहून मालेगावच्या वाटेने एक दिवस पायी चाललो. त्या दिवसाची हकीकत शाळेत अनेक प्रकारांनी सांगितली जाते, आणि सांगणारा दयाळू असल्यास तीत आम्ही बरेच शहाणे व प्रसंगावधानी ठरतो. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या पालकांनी विश्वासाने आपली मुले आमच्या स्वाधीन केली, त्यांस त्या दिवसाचा खरा हिशेब मिळाला पाहिजे. आणि विद्यार्थ्यांस त्या हिशेबामागील शास्त्र मिळाले पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच लेखात साधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम चालणाऱ्यांविषयी. चैत्र महिन्यात सप्तशृंगगडाकडे निघालेले पायी यात्रेकरू ज्याने पाहिले नाहीत असा धुळेकर विरळाच. शिरपूर, अमळनेर, पारोळा, जळगाव अशा गावोगावचे जथे मुंबई-आग्रा मार्गास लागतात, लळिंगचा घाट ओलांडतात, मालेगाव गाठतात आणि तेथून कळवण-नांदुरीच्या दिशेने वळतात. त्यांत म्हाताऱ्या बाया असतात, कडेवर मूल घेतलेल्या असतात, अनवाणी चालणारे असतात. आमचा धर्म निराळा, आणि गडावर जाण्याचा आमचा हेतूही नव्हता. परंतु उन्हाळ्यात दूरवर चालावे कसे ही विद्या खानदेशात कोणाजवळ असेल तर ती या लोकांजवळ आहे, असे आम्ही वर्गात पुष्कळदा सांगत असू. सांगणे सोपे असते.

या लोकांचा दिवस रात्री सुरू होतो. दोन-अडीचला हालचाल होते, तीनच्या आत वाट धरली जाते. आठ-नऊ वाजले की रस्त्याच्या कडेचा मंडप, शाळेची पडवी, निंबाची सावली, जे मिळेल ते पाहून सर्वजण बसतात. तेथे कोणी ताक वाटतो, कोणी सरबत, कोणी केळी. भाकरी खाऊन, पाय चोळून, ते चक्क झोपतात. ऊन उतरू लागल्यावर, चार-पाचच्या पुढे, पुन्हा दोन-तीन तास चालतात. अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, शिधा हे सर्व मागून येणाऱ्या टेम्पोत असते. अंगावर एक उपरणे, हातात एक बाटली, याहून अधिक ओझे बहुधा कोणी बाळगीत नाही. मोटारीतून जाणाऱ्यास हे लोक दुपारी झोपलेले दिसतात, आणि 'हे पोहोचणार केव्हा?' असे त्यास वाटते. ते वेळेवर पोहोचतात.

या वेळापत्रकाचे कारण ध्यानात घ्यावे. सूर्य डोक्यावर येतो तो सुमारे साडेबारास. परंतु दिवसाचे उष्णमान त्यानंतरही वाढतच राहते आणि दुपारी तीनच्या आसपास पराकोटीस जाते. कारण हवा मुख्यतः सूर्याने तापत नाही, ती तापलेल्या जमिनीने तापते. आणि जमीन तापण्यास वेळ लागतो, तसा निवण्यासही लागतो. म्हणून अहोरात्रातील सर्वांत थंड घटका मध्यरात्रीची नव्हे, सूर्योदयाच्या अगदी आधीची. खानदेश म्हणजे तापीचे खोरे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, समुद्र दूर, आणि जमीन काळी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत व क्वचित त्याच्याही वर जातो हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. चैत्रातही चाळिशी ओलांडली जाते. मात्र त्याच दिवशी पहाटे पारा पुष्कळ खाली आलेला असतो. हा जो पहाट आणि दुपार यांमधील दरीसारखा फरक, त्यात चालणाऱ्याने आपला दिवस बसवावयाचा असतो.

आता शास्त्राकडे वळू. त्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही; स्वयंपाकघरातील माठाजवळ उभे राहावे.

माठातील पाणी गार का होते? मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून थोडे पाणी बाहेर पाझरते आणि वाऱ्याने वाळते. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते, मग ते पाणी चुलीवर उकळत असो की माठाच्या पोटावर नुसते वाळत असो. ती उष्णता माठातील उरलेल्या पाण्याकडून घेतली जाते, आणि ते गार होते. पूर्वी प्रवासात जाड्या कापडाची छागल असे; बैलगाडीस किंवा मोटारीच्या पुढच्या बाजूस ती टांगीत. बाहेर झळा जितक्या कोरड्या व वारा जितका जोराचा, तितके छागलीतील पाणी अधिक गार. प्लास्टिकच्या बाटलीने छागल हद्दपार केली. बाटली पाझरत नाही, म्हणून तीतले पाणी दहा वाजेपर्यंत चहासारखे होते. (आमच्या एका विद्यार्थ्याने बाटलीवर जुना पायमोजा चढवून तो भिजवून ठेवला होता. इतरांनी त्याची फार थट्टा केली, परंतु त्या दिवशी सर्वांत गार पाणी त्याच्याजवळच होते.)

मनुष्याचा देह हा असाच एक पाझरणारा माठ आहे. पुढील गणित वहीत करून पाहावे.

साठ किलो वजनाचा मुलगा सपाट रस्त्यावर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालला, तर तासाभरात त्याच्या देहात सुमारे २५० किलोकॅलरी खर्च होतात. त्यांतील लहानसा भाग प्रत्यक्ष चालण्याच्या कामी येतो. सुमारे २०० किलोकॅलरी नुसती उष्णता होऊन देहात उरतात. त्या मुलाच्या देहाचे उष्णमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर टाकली गेली नाही, तर एका तासात त्याचे उष्णमान ४ अंशांनी वाढेल. ३७ चे ४१ होईल. ४० च्या पुढे मेंदूचे काम बिघडू लागते. लक्षात घ्या, या गणितात आपण सूर्य धरलेलाच नाही. हे पौषातल्या थंडीचेही गणित आहे. चालणारा प्रत्येक मनुष्य ही एक पेटलेली शेगडी आहे.

पौषात आपण वाचतो ते हवेमुळे. आपली त्वचा सुमारे ३३ ते ३५ अंशांची. बाहेरची हवा तीहून थंड. म्हणून उष्णता आपोआप बाहेर जाते. चैत्रात हवेचे उष्णमान त्वचेच्या पलीकडे गेले, की हा दरवाजा बंद होतो. बंदच नव्हे, उलट्या बाजूने उघडतो, आणि हवा व ऊन यांची उष्णता देहात शिरू लागते. आता देहास एकच मार्ग उरतो, तो माठाचा. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. चालण्याच्या २०० आणि बाहेरून आलेल्या तितक्याच धरल्या, तर दर तासास सुमारे ०.७ लिटर घाम वाळावयास हवा. जो घाम ओघळून खाली पडला तो फुकट गेला, त्याने काहीच गारवा दिला नाही. तो धरून ताशी एक लिटर म्हणावे. पाच तासांचे पाच लिटर! दोन लिटरांची एक बाटली घेऊन निघालेल्या मुलाची तूट तुम्हीच काढा.

हा माठ किती समर्थ आहे हे १७७४ साली लंडन येथे चार्ल्स ब्लॅग्डेन व त्याच्या मित्रांनी एका विलक्षण प्रयोगाने दाखविले. एक खोली इतकी तापविली, की तिचे उष्णमान फॅरनहाइट २६० अंशांपर्यंत, म्हणजे उकळत्या पाण्याच्याही पुष्कळ वर गेले. त्या कोरड्या हवेत ते गृहस्थ काही मिनिटे उभे राहून धडधाकट बाहेर आले. पाय भाजू नयेत म्हणून टोपलीत बसविलेली कुत्रीही सुखरूप राहिली. परंतु त्याच खोलीत ठेवलेली अंडी कठीण शिजली आणि मांसाचा तुकडा भाजून निघाला. जिवंत देह व मृत मांस यांत भेद तो हा: एकास आपल्या अंगाचे पाणी वाळविता येते, दुसऱ्यास येत नाही. मात्र हे सारे केवळ काही मिनिटे चालले. घामाची उधारी कोणास तासन्‌तास करता येत नाही.

रावेर-यावलकडील ज्या विद्यार्थ्यांच्या घरी केळीच्या बागा आहेत, त्यांस हे झाडांच्या भाषेत ठाऊक आहे. केळीचे पानही पाणी वाळवून स्वतःस निववते. उन्हाळ्यात कोरडे वारे सुटले, की पानांतून पाणी इतक्या वेगाने जाते की मुळांस पुरवठा करता येत नाही. जमिनीत ओल असूनही कडा करपतात, पाने फाटतात. म्हणून जाणता बागाईतदार बागेच्या कडेने शेवरीची किंवा उंच गवताची दाट ओळ लावतो. केळीस तो 'धीर धर' असे सांगत नाही, आडोसा करून देतो.

आता त्या दिवसाची हकीकत.

आम्ही पहाटे तीन वाजता धुळे सोडले. लळिंगच्या किल्ल्याखाली पोहोचलो तेव्हा अंधार होता. याच किल्ल्यावर फारुकी घराण्याची सत्ता होती, वगैरे इतिहास आम्ही चालता चालता सांगितला. मुलांच्या पाठीवर मोठ्या पिशव्या होत्या. ओझे प्रत्येकी ७-८ किलोंचे असावे. 'प्रवासी आपले ओझे आपणच वाहतो' असा आमचा आग्रह होता, आणि तो आम्हांस तेव्हा फार शोभिवंत वाटत होता. वस्तुतः पाठीस घट्ट चिकटलेली पिशवी म्हणजे माठास लावलेले मेणकापड. तिच्याखाली सदरा निथळत असतो, परंतु वाळत काहीच नाही. यात्रेकरूंचे सामान टेम्पोत का असते, याचे उत्तर आमच्या डोळ्यांसमोर चालत होते, आणि आम्ही ते आळस म्हणून पाहत होतो.

साडेआठच्या सुमारास आर्वीजवळ एका मंडपात बरेच यात्रेकरू विसावलेले दिसले. एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस हाक मारून जागा करून दिली, ताक दिले, आणि आता ऊन उतरेपर्यंत उठू नका असे सांगितले. आमच्या मनात झोडगे गाठावयाचे होते. तेथील माणकेश्वराचे प्राचीन कोरीव देऊळ मुलांस दाखवावे, धुळ्यापासूनची ही सारी मजल एका दमात मारली असे सोमवारी शिक्षकांच्या खोलीत सांगता यावे, असे दोन हेतू होते. पहिला आम्ही मुलांस सांगितला. दुसरा आज लिहीत आहो. पंधरा मिनिटांत आम्ही उठलो. बाटल्या पुरत्या भरून घेण्याचेही राहिले.

आमच्यातील सर्वांत उंच व आनंदी मुलगा, त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही, आपली पिशवी पाठीवर व एका दमलेल्या सोबत्याची पोटावर घेऊन चालला होता. आम्ही त्याचे कौतुक केले. दोन दिवसांपूर्वी त्यास बारीक ताप होता हे आम्ही विचारले नव्हते. त्याने सांगितले नव्हते. गेले तीन महिने तो अभ्यासाकरिता पंख्याखाली बसून होता हे मात्र आम्हांस ठाऊक होते. त्याच्याबरोबर चालणारे शेतकरी माघापासून उन्हात राबत होते. देह उन्हास सरावतो ही कल्पना नव्हे, मोजलेली गोष्ट आहे. रोज थोडे थोडे उन्हात श्रम केल्यास एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो, त्यात मीठ कमी जाते, आणि रक्तातील द्रव वाढतो. शेतकऱ्याचा माठ पाझरण्यास तयार होता. आमच्या विद्यार्थ्याचा कोरा होता.

साडेदहाच्या सुमारास तो गप्प झाला. मग एका सोबत्यावर कारण नसता चिडला. हा त्याचा स्वभाव नव्हे, हे आमच्या ध्यानात आले, आणि तरीही आम्ही 'थोडेच राहिले' असे म्हटले. थोड्या वेळाने त्याने आम्हांस विचारले, "सर, शेवटची घंटा झाली का? माझी पुरवणी बांधावयाची राहिली." आणि तो रस्त्याच्या कडेस बसला, मग आडवा झाला. अंग तापलेल्या तव्यासारखे. घाम येत होता. 'घाम थांबला तरच ऊन लागले' अशी आमची समजूत होती. ती चुकीची आहे. श्रम करताना ऊन लागलेल्या मनुष्याचे अंग पुष्कळदा घामाने भिजलेलेच असते. खूण घामाची नव्हे, मेंदूची. मनुष्य असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, तोल जाऊ लागला, की ती घटका जीवन-मरणाची समजावी.

आम्ही १०८ क्रमांक फिरवीत होतो, आणि दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडास बाटली लावीत होतो. दोन्हींपैकी दुसरी गोष्ट धोक्याची होती. शुद्ध हरपलेल्याच्या घशात पाणी घातल्यास ते श्वासनलिकेत जाते. इतक्यात शेतातून एक बाई धावत आली. तिने त्याच्याकडे एकदा पाहिले व आमच्यावर ओरडली, "मास्तर, गाडी नंतर दखा! पहिले पोऱ्याले पाणीमा टाका!"

विहिरीजवळ गुरांना पाणी पाजण्याचा सिमेंटचा हौद होता. चौघांनी मिळून त्यास उचलले, पिशव्या व सदरा काढून गळ्यापर्यंत हौदात बसविले. बाईने पंप सुरू केला. विहिरीचे गार पाणी हौदात पडू लागले. डोके आम्ही हातावर धरले होते. ती सतत त्याचे हातपाय चोळीत होती, आणि सतत आम्हांस रागे भरत होती. अर्धे आम्हांस कळले, आणि तेवढे पुरे होते. पंधरा-वीस मिनिटांनी मुलाने डोळे नीट उघडले, आणि आपण गुरांच्या हौदात का आहो असे विचारले. रुग्णवाहिका त्यानंतर आली. इस्पितळातील डॉक्टरांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "गाडी येईपर्यंत तुम्ही नुसते थांबला असता तर..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. तीन दिवसांनी तो घरी गेला. त्याच्या आईवडिलांस आम्ही त्याच संध्याकाळी समोर बसून सर्व सांगितले होते.

वैद्यकशास्त्र आज जे सांगते तेच त्या बाईने केले: आधी गार करा, मग हलवा. पाण्यात बसविणे सर्वोत्तम. हौद नसेल तर सावलीत आडवे करून अंगावर सतत पाणी ओतावे व जोराने वारा घालावा, म्हणजे माठाचे थांबलेले काम आपण बाहेरून करावे.

बायबलच्या तासास योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आम्ही अनेक वर्षे शिकवीत आलो. प्रवासाने थकलेला प्रभू याकोबाच्या विहिरीवर बसला आहे, वेळ भर दुपारची आहे, शिष्य गावात गेले आहेत, आणि पाणी काढावयास आलेल्या एका परक्या स्त्रीकडे तो पाणी मागतो. जाति-भेदाचा, उपासनेचा, जिवंत पाण्याचा अर्थ आम्ही विस्ताराने सांगत असू. भर दुपार आणि थकवा या दोन शब्दांवरून मात्र आम्ही आजवर भरभर पुढे जात असू.

आता पाणी व मीठ यांविषयी, कारण यासंबंधी घरोघर दोन उलट समजुती आहेत. तहान लागेल तेव्हा प्यावे, ही पहिली. चालण्याच्या श्रमात तहान मागे राहते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील वाळवंटात अ‍ॅडॉल्फ नामक शास्त्रज्ञाने सैनिकांवर प्रयोग केले, तेव्हा पाणी जवळ असूनही माणसे गमावलेल्या घामापेक्षा कमी पितात असे आढळून आले. जेवणाबरोबर ती तूट भरून निघते. म्हणून यात्रेकरूंचे जेवण व विसावा ही चैन नव्हे, तेव्हाच माठ खऱ्या अर्थाने भरतो. दुसरी समजूत, जितके पाणी तितके बरे, ही. घामाबरोबर मीठही जाते, लिटरमागे साधारण १ ते ४ ग्रॅम. पाच लिटर घाम गाळून त्याबदली केवळ साधे पाणी ढोसले, तर रक्तातील मीठ पातळ होते. डोके दुखते, मळमळते, आणि अतिरेक झाला तर फेफरे येऊन मृत्यूही ओढवतो. मिठाचे ताक, कैरीचे पन्हे, भाकरीबरोबरचा ठेचा यांस आमच्या आजीने शास्त्र म्हटले नव्हते, परंतु तूट त्यांनीच भरून निघत असे.

मीठ व साखर एकत्र का घ्यावी, याचीही एक कथा आहे. आतड्याच्या भिंतीतून मीठ आत नेणारी जी वाट आहे, तीतून मीठ व ग्लुकोज ही जोडीने जातात, आणि त्यांच्यामागे पाणी जाते. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी करून पिंपे भरली आणि नातेवाइकांकरवी रोग्यांस पाजविले. शेकडा २० ते ३० मरत होते, ते प्रमाण शेकडा ४ च्या खाली आले. आज औषधाच्या दुकानात मिळणारी जलसंजीवनीची पुडी ही त्याच कल्पनेची आहे. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. अंदाजाने मूठभर मीठ टाकू नये. अधिक मीठ हे कमी मिठाहून वाईट.

येथवर माठ रिकामा होण्याची गोष्ट झाली. माठ भरलेला असूनही निकामी होतो, अशी एक दुसरी अवस्था आहे, आणि ती जळगावकडील विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. मुक्ताईनगराहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपुरास निघते ती ज्येष्ठात. आषाढी एकादशीस पोहोचण्याकरिता वारकरी महिन्याच्या आसपास चालतात. निघतात तेव्हा वैशाखाच्या झळा ओसरत आलेल्या असतात, आभाळ भरून येते, पारा चार-सहा अंशांनी उतरतो, आणि लोक म्हणतात, 'आता बरे.' याच दिवसांत घरातील माठाकडे पाहावे. त्यातले पाणी पूर्वीइतके गार होईनासे होते. हवेतच पाणी भरले असल्यामुळे माठावरचे पाणी वाळत नाही.

हे मोजावयाचे साधन अगदी सोपे आहे. दोन सारखे उष्णतामापक घ्यावेत. एकाच्या फुग्यास ओले मलमल गुंडाळावे व वारा घालावा. ओल्या मापकाचा पारा खाली येतो, आणि ज्या अंशावर तो थांबतो तो त्या दिवशीच्या माठाची, आणि आपल्या देहाचीही, सीमा सांगतो. समजा चैत्रातील दुपारी हवा ४३ अंश आहे व आर्द्रता शेकडा १५; ओला पारा सुमारे २३ वर थांबेल. समजा ज्येष्ठात हवा ३७ अंश आहे, परंतु आर्द्रता शेकडा ६०. ओला पारा सुमारे ३० दाखवील. पहिला दिवस भयंकर वाटतो, दुसरा सुसह्य वाटतो. घाम वाळण्याच्या दृष्टीने दुसराच अधिक घातक. १९०५ साली हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने खाणीतील कामगारांकरिता हाच नियम शोधून काढला, की स्वस्थ बसलेल्या मनुष्यासही ओला पारा ३१ च्या पलीकडे गेल्यास देहाचे उष्णमान आवरत नाही. चालणाऱ्याची सीमा अर्थातच त्याच्या पुष्कळ अलीकडे. चैत्रातल्या वाटसरूने पाण्याचा हिशेब ठेवावा, ज्येष्ठातल्याने हवेचा. चैत्रात सावली व पाणी मिळाले की देह सावरतो. ज्येष्ठातल्या कोंदट दिवशी वारा नसेल, तर हंडाभर पाणी प्यायलेला मनुष्यही पडू शकतो. तेथे चाल मंद करणे, नाहीतर थांबणे, एवढाच उपाय.

शाळेच्या पडवीत आता असे दोन उष्णतामापक टांगले आहेत, आणि त्यांच्या खाली एक माठ ठेवला आहे. नववीचे विद्यार्थी रोज सकाळी, दुपारी व सायंकाळी तिन्हींची नोंद करतात. माठातील पाणी व ओला पारा यांचे आकडे एकमेकांचा पाठलाग कसा करतात, हे त्या वहीत कोणासही पाहता येईल. मैदानावरील कवायत केव्हा बंद करावयाची हे आता ती वही ठरविते. यापुढील पायी सहलीत ओझे वाहनात राहील, निघण्यापूर्वी प्रत्येकाचे वजन होईल व मुक्कामावर पुन्हा होईल. साठ किलोच्या मुलाचे वजन सव्वा किलोने घटले तर त्याचा दिवस तेथेच संपला. ताप येऊन गेला आहे काय, हे मुलाला नव्हे, त्याच्या आईला विचारले जाईल. पालकांनी या प्रश्नाचे उत्तर कृपया लपवू नये. मुले आनंदाने लपवितात.

दिवाळीच्या सुट्टीत तो मुलगा, त्याचे वडील व आम्ही असे तिघे आर्वीच्या पुढे त्या शेतावर गेलो. बाई कापूस वेचीत होती. तिने आम्हांस लगेच ओळखले. मुलास ओळखले नाही, कारण तिने त्यास उभा असा कधी पाहिलाच नव्हता. आम्ही जे बोलावयाचे ठरवून गेलो होतो ते फारसे बोलता आले नाही. तिने आम्हांस निंबाखाली बसविले, माठातून तांब्या भरून आणला, आणि तो प्रथम मुलाच्या हाती दिला.